आंबट द्राक्षे कोणी खाल्ली?

दिवाळी झाली की आमच्या अहमदपूर भागात सोयरिकीची बोलणी सुरू होतात. अशाच एका संध्याकाळी एक वडीलधारे गृहस्थ मला भेटावयास आले. मुलीचे लग्न जमत आले होते. मुलगा शिकलेला, नोकरीला लागलेला, घरही भाविक. सारे सांगून झाले, चहा पिऊन झाला, तरी ते उठेनात. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "फादर, मुलाच्या आजीला वेड लागलं होतं असं कानावर आलंय. चुलताही तसाच होता म्हणतात. तुमच्याकडं जुन्या वह्या असतीलच, नाहीतर तिकडच्या फादरला विचारा. एवढं बघून सांगा. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

ओळख पटू नये म्हणून मी या हकीकतीतील काही तपशील बदलले आहेत. परंतु प्रश्न खरा आहे, आणि तो आज ना उद्या प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर येतो. एखादा आजार घराण्यात असतो म्हणजे नेमके काय असते? तो असेल तर त्याचा दोष कोणाकडे जातो? आणि ते जाणून घेण्याचा अधिकार कोणाला?

प्रथम त्या वह्यांविषयी. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामाने विवाहांची नोंदवही ठेवावी असे ठरविले. कोण कोणाचा कोण लागतो हे कळावे आणि जवळच्या नात्यात विवाह होऊ नयेत, हा त्यामागील एक हेतू होता. तेव्हापासून स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी आम्ही धर्मगुरू लिहीत आलो. कॅनन लॉ, म्हणजे ख्रिस्तसभेचा कायदा, आम्हांस बजावतो की या वह्या नीट जपाव्यात आणि परक्याच्या हाती पडू देऊ नयेत. त्या वह्यांचे मोल धर्मगुरूंइतकेच एका निराळ्या मंडळींनीही ओळखले आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जुन्या धर्मग्रामांच्या नोंदी एकत्र करून पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी संगणकावर मांडण्याचे काम १९७२ साली सुरू झाले, आणि आनुवंशिक आजारांच्या अभ्यासकांना त्यांचा मोठा उपयोग झाला. आमच्या कपाटातील पिवळ्या पडलेल्या कागदांना एवढे मोल आहे, याची आमच्यापैकी फार थोड्यांना कल्पना असेल.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, मी तरुण असताना, दुसऱ्या एका धर्मग्रामात असाच प्रश्न मला विचारला गेला होता. मी वही उघडली नाही, तोंडानेही काही बोललो नाही. परंतु मी गप्प राहिलो, नजर वळवली, आणि विचारणाऱ्याने माझ्या गप्प राहण्यातून हवे ते उत्तर घेतले. सोयरीक मोडली. तो मुलगा आज पन्नाशीला आला आहे. त्याला त्या आजाराचा स्पर्शही झालेला नाही. मात्र त्या घराला बोल लागला तो लागलाच. त्याच्या दोघी बहिणींची लग्ने जमता जमता वर्षे गेली. आजाराने त्या घराचे जेवढे नुकसान केले त्याहून अधिक आम्ही केले. त्यानंतर या विषयावर जे जे हाती आले ते मी वाचत गेलो. विज्ञानाचा मी विद्यार्थी नव्हे. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेला माणूस. तरीही जे समजले ते येथे मांडतो.

आनुवंशशास्त्राचा आरंभ एका मठात झाला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून १८६५ साली आपले निष्कर्ष मांडले. जगाने त्यांची दखल घेतली ती १९०० साली, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. आई आणि बाप दोघांकडून एकेक अंश येतो आणि ते अंश ठरलेल्या प्रमाणात पुढच्या पिढीत वाटले जातात, हे त्यांनी दाखविले. पुढे कळले की हे अंश सुटे नसतात. ते गुणसूत्रांवर ओळीने बसलेले असतात.

जपमाळेचे उदाहरण घेऊ. प्रत्येक माणसाजवळ तेवीस माळांच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक माळ आईकडची, एक बापाकडची. आपण आपल्या मुलाला माळ देतो तेव्हा ती जशीच्या तशी देत नाही. आपल्या बापाकडची माळ आणि आईकडची माळ मध्येच कोठेतरी तुटतात, तुकड्यांची अदलाबदल होते, आणि एक नवी माळ गुंफली जाऊन मुलाकडे जाते. आता जे दोन मणी अगदी शेजारी आहेत ते या तुटण्याजुळण्यातही बहुधा एकत्र राहतात. जे दूर आहेत त्यांची ताटातूट होते. शास्त्रज्ञ याला सहलग्नता म्हणतात. एखाद्या घराण्यात आजार कोणाला झाला आणि ओळखीचा एक विशिष्ट मणी कोणाकडे गेला हे पिढ्यान्‌पिढ्या ताडून पाहिले, आणि दोघांची वाट एकच निघाली, तर आजाराचा अंश त्या मण्याच्या आसपास असला पाहिजे असा तर्क करता येतो.

परंतु योगायोगानेही दोघांची वाट एक होऊ शकते. म्हणून न्यूटन मॉर्टन यांनी १९५५ साली एक हिशेब घालून दिला. अंश आणि मणी खरोखर शेजारी असतील तर या घराण्यात दिसते तसे चित्र दिसण्याची शक्यता किती, आणि केवळ योगायोग असेल तर किती, यांचे गुणोत्तर काढावयाचे. ते हजारास एक असेल तर त्या हिशेबात ३ हा आकडा येतो, आणि तेथपासून पुढे पुरावा ग्राह्य धरावयाचा. मण्यांची संख्या मोठी असल्यामुळे त्यांतील एखादा सहज जुळून यावयाचाच. म्हणून अट इतकी कडक. चार पिढ्यांचे घराणे घेतले, त्यांतील आजोबा-पणजोबा वारलेले, त्यांच्याकडे कोणता मणी होता हे ठाऊक नाही, तर प्रत्येक शक्यता मोजावी लागते. हाताने हे होणे नाही. म्हणून संगणकाचे कार्यक्रम तयार झाले. युर्ग ओट यांचा लाइपेड १९७४ साली आला, लिंकेज नावाचा कार्यक्रमसमूह १९८४ साली, आणि जीनहंटर १९९६ साली. हंटिंग्टन या नावाचा मेंदूचा एक दुर्धर आजार आहे. त्याचा माग या रीतीने व्हेनेझुएलातील एका सरोवराकाठच्या घराण्यांतून १९८३ साली लागला, आणि तो अंश १९९३ साली प्रत्यक्ष हाती आला. एकाच अंशाच्या बिघाडाने होणाऱ्या आजारांत ही पद्धत अशी यशस्वी ठरली आहे.

मग हीच कसोटी मनाच्या आजारांना लावून पाहिली गेली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात जुन्या रीतीने राहणारे आमिश नावाचे ख्रिस्ती लोक आहेत. त्यांची कुटुंबे मोठी, वंशावळी नीट लिहिलेल्या, आणि दारूचे व्यसन नसल्यामुळे मनाचा आजार ओळखणे सोपे. उन्माद आणि विषाद यांच्या फेऱ्यांचा आजार असलेल्या अशा एका घराण्याचा हिशेब करता आकडा चाराच्या वर गेला. अकराव्या गुणसूत्रावर त्या आजाराची जागा सापडली, असे १९८७ साली मोठ्या मान्यतेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वेडाचा मणी सापडला, असे सर्वांस वाटले. त्यानंतर त्या घराण्यातील, निरोगी म्हणून मोजलेल्या दोघांना तोच आजार झाला. काही आणखी नातलगही हिशेबात आले. १९८९ साली गणित पुन्हा मांडले तेव्हा तो पुरावा उरला नव्हता, आणि संशोधकांनी ते प्रामाणिकपणे छापून जाहीर केले.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा मनात घोळवितो. यंत्राची बेरीज चुकली नव्हती. ज्या माणसांवर ती बेरीज उभी होती त्यांचे आयुष्य अजून पुरे व्हावयाचे होते, एवढेच. दहा हजारांस एक अशा खात्रीचा आकडा दोन माणसांच्या पुढील आयुष्याने खाली आणला. आणि आपण काय करतो? आजी अशी होती, चुलता तसा होता, एवढ्या दोन नावांवर तिसऱ्याचा निकाल लावून मोकळे होतो. शितावरून भाताची परीक्षा घरात चालते. माणसांची तशी करणे हा अन्याय आहे.

आज शास्त्र त्याच्याही पुढे गेले आहे. स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्याला आपल्याकडे सरसकट वेड म्हणतात त्यातील एक प्रमुख आजार, त्याच्याशी संबंध असलेल्या १०८ जागा २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सापडल्या, आणि नंतर ती संख्या वाढतच गेली. त्यांतील बहुतेकांचा वाटा अगदी लहान. असे पुष्कळ अंश तुमच्या माझ्यातही आहेत. त्या शेकडो लहान भारांवर आयुष्याचे आघात, गर्भावस्था, व्यसने, एकटेपण यांचा भार पडतो, आणि एखाद्याचे पारडे झुकते. अशा आजारांना शास्त्रज्ञ गुंतागुंतीचे आनुवंशिक आजार म्हणतात. 'खाण तशी माती' ही म्हण येथे अपुरी पडते. मातीवर पाऊस किती पडला आणि तिची मशागत कोणी केली, हेही पाहावे लागते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि ते मधुमेहाचे आहे. आइसलँडमधील संशोधकांना घराण्यांच्या अभ्यासातून दहाव्या गुणसूत्राच्या एका भागाचा सुगावा लागला होता. त्याचा पाठपुरावा करता करता २००६ साली त्यांना मधुमेहाशी निगडित असा एक अंश सापडला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सी. सी. एम. बी. या संस्थेतील डॉ. गिरिराज चांडक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याच्या रुग्णांत तो तपासला. आपल्याकडेही त्याचा संबंध असल्याचे त्यांनी २००७ साली दाखवून दिले. परंतु त्याने धोका वाढतो तो सुमारे दीडपट. तो असूनही पुष्कळांना मधुमेह होत नाही; नसूनही पुष्कळांना होतो.

याच डॉ. याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे जन्मतःचे वजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. परंतु आपल्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसावयास किडकिडीत, आतून चरबीयुक्त, आणि पुढे मधुमेहाकडे झुकणारी अशी ही बाळे. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत त्यांची बाळे मोठी जन्मत. मातेच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक असेल तर मुलाच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनचे काम अडखळताना आढळते, असेही २००८ साली दिसून आले.

आमच्या घराण्यातच शुगर आहे, असे आपण म्हणतो, आणि त्या वाक्यामागे दोन प्रकारे लपतो. एक तर स्वतःच्या आळसाला आजोबांचे नाव देतो. दुसरे, घरातील सून सर्वांच्या मागून, उरलेले खाऊन उठते, याकडे पाहावयाचे टाळतो. वारशात केवळ रक्त येत नाही, ताटही येते. ज्या गोष्टीला आपण नशीब म्हणतो तिच्यातील काही भाग रोज दुपारी आपल्याच स्वयंपाकघरात वाढला जातो. सोयरे निवडताना समोरच्यांच्या तीन पिढ्या तपासणारे आपण, घरी आलेल्या सुनेच्या ताटात काय पडते हे किती वेळा तपासतो?

आता दोषाचा प्रश्न. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, अशी एक म्हण जुन्या इस्राएलात प्रचलित होती. ती म्हण पुन्हा तोंडी आणू नका, असे परमेश्वराने यहेज्केल प्रवक्त्याच्या मुखाने आपल्या लोकांना बजावले. पुढे येशूच्या शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हाच प्रश्न केला: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. देवाचे कार्य त्या माणसाच्या ठायी प्रकट व्हावे असे सांगितले, आणि चिखल कालवून लगेच त्याच्या डोळ्यांना लावला. कारण मागे शोधीत बसलेल्या शिष्यांना त्याने पुढे काय करावयाचे ते दाखविले. आजार कोठून आला हे शोधणे वैद्याचे काम आहे, आणि ते पवित्र काम आहे. परंतु 'कोठून आला' या प्रश्नाचे 'कोणामुळे आला' असे रूपांतर झाले की शास्त्र संपते आणि निवाडा सुरू होतो.

असा निवाडा एकदा राज्यकर्त्यांनी हाती घेतला होता. आईत, लेकीत आणि नातीत मतिमंदत्व आहे असा आरोप ठेवून एका तरुणीची सक्तीने नसबंदी करण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली मान्यता दिली. जर्मनीत १९३३ साली कायदा झाला, आणि त्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. त्यांत मनाचे आजार असलेले पुष्कळ होते. याच काळात, १९३० सालच्या शेवटच्या दिवशी, पोप अकरावे पायस यांनी विवाहाविषयीचे आपले परिपत्रक काढले. निरपराध माणसाच्या शरीरावर राज्यसत्तेचा असा अधिकार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. आजारी संतती होण्याचा संभव असलेल्यांना सल्ला जरूर द्यावा, परंतु विवाह केला म्हणून त्यांना गुन्हेगार ठरवू नये, असेही ते म्हणाले. सल्ला आणि शिक्का यांतील हा भेद आपण जपला पाहिजे.

मग विचारूच नये काय? तसे मी म्हणत नाही. सिकलसेलसारखा आजार एकाच अंशाचा आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता चारांत एक. त्यासाठी रक्ततपासणी आहे, आणि त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तेथे लग्नाआधी तपासून घेणे हे शहाणपणाचे आहे, आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे हे समजून घेणे हे त्याहून शहाणपणाचे. तीच गोष्ट नात्यातील विवाहाची. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्या भागात जुनी आहे. अशा जोडप्याच्या मुलात सुमारे सोळा जागांपैकी एका जागी एकाच पूर्वजाकडून आलेले दोन सारखेच अंश एकत्र येतात, आणि एरवी झाकलेला बिघाड उघडा पडतो. सख्ख्या आतेमामे भावंडांचा विवाह ख्रिस्तसभेच्या कायद्यात विशेष परवानगीवाचून होऊ शकत नाही. त्यामागील सावधगिरी आता शास्त्रालाही समजावून सांगता येते. परंतु शेकडो अंशांच्या आजाराबाबत असा दाखला कोणी देऊ शकत नाही. जो निकाल संगणकालाही देता येत नाही, तो नोंदवहीतून काढणारा मी कोण?

आणि ती माहिती तरी कोणाची? आइसलँडमध्ये १९९८ साली साऱ्या देशाच्या आरोग्याच्या नोंदी एका ठिकाणी आणण्याचा कायदा झाला. एका मुलीने आपल्या दिवंगत वडिलांच्या नोंदी त्यात जाऊ नयेत म्हणून न्यायालयात धाव घेतली. वडिलांविषयी जे कळेल त्यावरून माझ्याविषयीही कळेल, असे तिचे म्हणणे होते. २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. मेलेल्या माणसाची गोष्टसुद्धा जिवंत माणसाची असू शकते. आपण सारे एकाच देहाचे अवयव आहोत, हे संत पॉल आपल्याला शिकवितात. रक्ताचे शास्त्र त्याच सत्याची एक बाजू दाखविते. एका अवयवाची लाज चव्हाट्यावर मांडली तर साऱ्या देहाला ती भोगावी लागते.

त्या संध्याकाळी मी त्या गृहस्थांना एवढेच म्हणालो, "दादा, वही मी उघडणार नाही. पण तुमची काळजी खोटी नाही. तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जा. मुलाच्या आईला विचारा, आडून नको, सरळ विचारा. आणि आधी आपल्या घरचं काय असेल ते तुम्ही सांगा."

ते बराच वेळ बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "फादर, आमच्या थोरल्या बहिणीचंही तसंच होतं. आम्ही कधी कुणाला बोललो नाही."

आठ दिवसांनी ते त्या घरी जाऊन आले. दोन्ही बाजूंचे सारे बोलणे झाले, असे त्यांनी मला सांगितले. मुलाच्या आईने सासूची सेवा किती वर्षे आणि कशी केली, हे सांगताना त्यांचा स्वर बदलला होता. ते पुढे म्हणाले, "ज्या घरात आजारी माणसाला असं सांभाळतात, त्या घराची भीती वाटावी की आधार वाटावा, हेच मला कळेना झालं." लग्न ठरले की नाही हे मी येथे लिहीत नाही. ते त्या दोन घरांचे आहे. मी एवढेच सांगेन की सोयरीक करताना समोरच्यांच्या घरात कोणता आजार आहे हे विचारावयाचेच असेल, तर त्याच वेळी हेही विचारावे, की तो आजार आला तेव्हा त्या घराने आपल्या माणसाला कसे वागविले. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही रक्ततपासणीत मिळत नाही, आणि संसार बहुधा त्याच उत्तरावर तरतो.